पांडू : गाव, देव, माणूस आणि हवालदार

वांद्रे स्टेशनवरून रिक्षाने हिल रोडकडे निघालात की कधी ना कधी हे वाक्य कानावर पडतंच : "आगे पांडू खडा है." रिक्षावाला उत्तर प्रदेशातला असेल, मागे बसलेले तुम्ही सोलापूरचे असाल, आणि पुढे उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाचं नाव संदीप किंवा इम्रान असेल. तरी अर्थाबद्दल कुणाचाच गोंधळ होत नाही. पांडू म्हणजे पोलीस शिपाई.

आता जरा थांबून बघा. हे मुळात एका माणसाचं नाव. त्याच्याही मागे पंढरपूरच्या देवाचं नाव. ते या शहरात एका नोकरीचं नाव कसं झालं, आणि तेही तोंडावर म्हटलं तर समोरचा चिडेल असं नाव कसं झालं?

कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं : "दादा कोंडक्यांच्या सिनेमामुळे." हे उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. आणि ते अपुरं का आहे हे नीट समजलं, तर तुमच्या स्वतःच्या संशोधनातही 'हे कशामुळे झालं?' हा प्रश्न हाताळताना त्याचा उपयोग होईल. म्हणून आजचा लेख.

मी एमएस्सी केलं रसायनशास्त्रात आणि आता काम करतेय ते शब्दांच्या इतिहासावर, त्यामुळे उदाहरणही तिथलंच देते. गरम पाण्यात सोडियम ॲसिटेट भरपूर विरघळवा आणि द्रावण हलकेच, धक्का न लावता थंड होऊ द्या. दिसायला ते साधं पाणीच वाटतं. त्यात ॲसिटेटचा एक बारीक खडा टाकला की बघता बघता सगळं भांडं गोठतं. मग हे स्फटिक त्या खड्याने तयार केले का? तोच खडा साध्या पाण्यात टाकला असता तर तो स्वतःच विरघळून गेला असता. द्रावण आधीपासून अतिसंपृक्त होतं, खड्याने फक्त सुरुवात करून दिली.

सिनेमा हा तो खडा. आपल्याला बघायचंय ते द्रावण.

गाव ते देव

'पांडुरंग' हा शब्द संस्कृत मानला तर अर्थ होतो पांढुरक्या रंगाचा. पण पंढरपूरची मूर्ती काळी आहे. भक्ताला यात अडचण नाही, अभ्यासकाला आहे. अशी विसंगती दिसली की ती झटकून टाकू नका. बरेचदा प्रश्न तिथेच सापडतो.

यावर दोन मुख्य स्पष्टीकरणं आहेत. पहिलं रा. गो. भांडारकरांचं. बाराव्या शतकातल्या हेमचंद्र या जैन पंडिताने 'पांडुरंग' हे रुद्राचं, म्हणजे शिवाचं नाव म्हणून नोंदवलंय. भांडारकरांनी त्यावरून मांडलं की पंढरपुरात पुजल्या जाणाऱ्या शिवाचं हे नाव असावं आणि विठ्ठलाचं महत्त्व वाढल्यावर ते त्याच्याकडे गेलं असावं. दुसऱ्या स्पष्टीकरणानुसार गावाचं जुनं, कानडी वळणाचं नाव होतं 'पंडरगे'. त्याला संस्कृताचा साज चढवताना 'पांडुरंग' तयार झालं, आणि रंगाचा अर्थ नंतर चिकटला. रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात या कानडी धाग्याचा फार बारकाईने विचार केलाय. मला दुसरं स्पष्टीकरण जास्त पटतं, कारण त्यात मूर्तीच्या रंगाचा प्रश्नच उरत नाही. देव काळा असो वा पांढरा, नाव गावाचं आहे.

गावाच्या नावाचं देवाचं नाव होणं ऐकायला विचित्र वाटत असेल, तर वांद्र्यातच या. १५३४ च्या वसईच्या तहानंतर साधारण दोनशे वर्षं हा भाग पोर्तुगीजांकडे होता. इथल्या टेकडीवर मारियेचं देऊळ उभं राहिलं. पोर्तुगीजमध्ये डोंगराला 'मोन्ते' म्हणतात. त्या 'मोन्ते'चं लोकांच्या तोंडी 'मोत' झालं आणि मारिया झाली 'मोत माउली'. सप्टेंबरच्या जत्रेला येणारी कोळीण किंवा आगरी बाई 'मोत माउलीला चाललो' म्हणते, तेव्हा तिच्या मनात डोंगर नसतो, देवी असते. जागेचा शब्द देवतेच्या नावात विरघळून गेलाय. आणि पुढे 'माउली' जोडलंय, जे आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर दिवसभर ऐकू येतं.

देव ते माणूस

देवाचं नाव मुलाला ठेवायची पद्धत आपल्याकडे जुनी. पांडुरंग हे नाव जातीजातींत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत इतकं पसरलंय की नुसती प्रसिद्ध माणसं घेतली तरी यादी लांबते. 'धर्मशास्त्राचा इतिहास' लिहिणारे आणि १९६३ मध्ये भारतरत्न मिळालेले पांडुरंग वामन काणे. सेनापती बापट म्हणजे पांडुरंग महादेव बापट. पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये उपोषण करणारे साने गुरुजी, म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. देशाबाहेर राहून क्रांतिकार्य केलेले आणि मेक्सिकोत शेतीशास्त्र शिकवलेले पांडुरंग खानखोजे. त्याच्याही आधी मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग आणि प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग हे भाऊ. इथे पांडुरंग त्यांच्या वडिलांचं नाव.

ही माणसं बघा : विद्वान, क्रांतिकारक, शिक्षक, शास्त्रज्ञ, डॉक्टर. यांच्यापैकी कुणामुळे 'पांडू' म्हणजे विद्वान असा अर्थ रुजला का? नाही. कारण बोलीत उतरलं ते 'पांडुरंग' हे रूप नाही, 'पांडू' हे रूप.

मराठीत नावाला शेपूट लावून माणसाची जागा ठरवता येते. पांडुरंगपंत, पांडुरंगराव, पांडोबा, पांडू, पांड्या. माणूस तोच, पण प्रत्येक पायरीला बोलणारा बदलतो. 'राव' आणि 'पंत' मान देतात. 'बा' मान देतो आणि जवळीकही ठेवतो. 'ऊ' आईच्या तोंडी लाडाचा, मालकाच्या तोंडी हुकमाचा. 'या' मित्राच्या तोंडी चालतो, परक्याच्या तोंडी अपमान होतो. गंमत म्हणजे देवही यातून सुटलेला नाही. विठ्ठल, विठोबा, विठू, विठ्या ही सगळी रूपं भक्तांनी वापरली आहेत, आणि 'विठ्या' हे भांडणाच्या हक्काने. तिथे ते शोभतं, कारण देवाला माघारी बोलायची गरज नसते आणि भक्ताला त्याची नोकरी घालवायची नसते.

हे नोंदवून ठेवा : प्रत्ययाला स्वतःचा असा अर्थ कमी असतो. कोण कुणाला हाक मारतोय, यावरून तो ठरतो.

(जाता जाता : महाभारतातला पांडू राजा वेगळा. ते स्वतंत्र नाव आहे, पांडुरंगचं लघुरूप नव्हे. दोन शब्द सारखे दिसले म्हणून नातं जोडायचं नसतं.)

माणूस ते नोकरी

आता हवालदार. हा शब्द अरबी 'हवाला' आणि फारसी 'दार' मिळून झालाय. ज्याच्या हवाली काही केलंय तो हवालदार. शिवकाळात किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे महत्त्वाचे अधिकारी असत. किल्ला ज्याच्या हवाली, तो काही किरकोळ माणूस नव्हे. पुढे लष्करात आणि पोलिसांत हा शब्द खालच्या हुद्द्यांपैकी एक झाला. भाषाशास्त्रात शब्दाच्या अशा घसरणीला अर्थापकर्ष म्हणतात. म्हणजे 'पांडू'च्या आधी 'हवालदार'ही पायऱ्या उतरलेलाच होता.

मुंबईचा पहिला पोलीस कमिशनर फ्रँक सूटर. साल १८६४. वर गोरे अधिकारी, खाली देशी शिपाई अशी रचना होती. शिपाईवर्गात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या मराठी माणसांचा भरणा मोठा राहिला. गावाकडून आलेला, मराठी बोलणारा, गणवेश घातलेला पण अधिकार थोडा असलेला माणूस. घरात त्याचं नाव पांडुरंग, तुकाराम, ज्ञानोबा, नामदेव असण्याची शक्यता भरपूर. रस्त्यावर त्याची गाठ पडणार ती अशा लोकांशी, ज्यांना त्याच्या अधिकाराची भीती वाटते आणि त्याच्या गावठीपणाचं हसूही येतं. विनोदाला आणखी काय लागतं?

म्हणूनच विनोदी हवालदार १९७५ च्या आधीपासून रंगभूमीवर होता. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात हवालदार हे महत्त्वाचं पात्र आहे, आणि दादा कोंडके याच लोकनाट्यातून गाजलेले नट. 'सोंगाड्या' (१९७१) नंतर त्यांनी १९७५ मध्ये 'पांडू हवालदार' काढला, दिग्दर्शनही स्वतः केलं. सिनेमा तुफान चालला.

आता पुराव्याकडे येऊ. सिनेमाचं नाव दोन शब्दांचं आहे. १९७५ मध्ये प्रेक्षकाला कळावं म्हणून 'पांडू'च्या पुढे 'हवालदार' लिहिलंय. २०१९ मध्ये मुंबई पोलिसांवर एक वेबमालिका आली, तिचं नाव नुसतं 'पांडू'. २०२१ मध्ये दादा कोंडक्यांची आठवण जागवणारा मराठी सिनेमा आला, त्याचंही नाव नुसतं 'पांडू'. चव्वेचाळीस वर्षांत दुसरा शब्द गळून पडला, कारण त्याची गरज उरली नाही. शब्द रुजलाय की नाही हे मोजायचं असेल, तर तो कुबडीशिवाय उभा राहतो का ते बघा. शीर्षकं, जाहिराती, व्यंगचित्रं ही अशा मोजणीसाठी चांगली साधनं आहेत. त्यांच्याकडे समजावून सांगायला जागा नसते, त्यामुळे वाचकाला आधीच काय ठाऊक आहे ते त्यांतून कळतं.

आणखी एक तपासणी. त्याच सिनेमात अशोक सराफ यांनीही हवालदार रंगवला होता. त्या पात्राचं नाव काही शिपायांना चिकटलं नाही. शीर्षकात असण्याचा फायदा किती असतो हे यावरून दिसतं. म्हणजे सिनेमाचं श्रेय खरं आहे, फक्त ते मोजून द्यायचं. शेकडो नावांतून एक निवडणं आणि ते पोलिसाशी घट्ट बांधणं, एवढं सिनेमाने केलं. नावाचा प्रसार, 'ऊ'चा सूर, शिपायाकडे वरून बघण्याची सवय आणि रंगमंचावरचा हसरा हवालदार, हे सगळं द्रावणात आधीच होतं.

तुलना केल्याशिवाय सोडू नका

एकाच उदाहरणावरून नियम सांगता येत नाही. शेजारची उदाहरणं लावून बघू.

शाळेच्या व्याकरणात आपण शिकलो की विशेषनामाचं सामान्यनाम होतं : कळीचा नारद, घरातला कुंभकर्ण. पण तिथे मूळ व्यक्तीचा गुण उचललेला असतो. झोप हा कुंभकर्णाचा गुण. पांडूचा गुण कोणता? कुठलाच नाही. तो फक्त 'त्यांच्यात असलं नाव फार असतं' यावरून उचललाय. हा प्रकारच वेगळा.

मुंबईतलाच 'रामा' घ्या. घरकाम करणाऱ्या मराठी गड्याला, त्याचं नाव काहीही असो, अनेक सुखवस्तू घरांत 'रामा' म्हणत. 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या अँग्लो-इंडियन कोशात 'रामसामी' अशी नोंद आहे. दक्षिणेतलं रामस्वामी हे नाव साहेब लोक सरसकट हिंदू माणसासाठी, आणि विशेषतः सिलोनमधल्या भारतीय मजुरांसाठी वापरत. त्याच शब्दाचा दुसरा अर्थही तिथे दिलाय : चिरूट पेटवायची सुताची वात. माणसाच्या नावाची मजल वस्तूपर्यंत गेली.

अमेरिकेत पुलमन कंपनीच्या रेल्वेच्या शयनडब्यांत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय पोर्टरना प्रवासी सरसकट 'जॉर्ज' म्हणत, कारण कंपनीच्या मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखायची जुनी सवय. १९१४ मध्ये याविरुद्ध एक संस्था निघाली, तीही खरंखुरं जॉर्ज नाव असलेल्या गोऱ्या लोकांनी काढलेली. आपल्या नावाचं असं होतंय याचा त्यांना त्रास होत होता! पुढे डब्यात पोर्टरच्या खऱ्या नावाची पाटी लागू लागली.

लंडनच्या पोलिसाला मात्र 'बॉबी' म्हणतात ते १८२९ मध्ये ते पोलीस दल उभारणाऱ्या गृहमंत्री रॉबर्ट पील यांच्यावरून. म्हणजे शिपायाला नाव मिळालं ते वरच्या साहेबाचं. पांडूला मिळालं ते खालच्या माणसाचं. दोन्ही शब्द थट्टेचे, पण एकात थट्टा वर जाते, दुसऱ्यात खाली.

आणि वांद्र्यातलं उदाहरण तर नजरेसमोर आहे. रणवार, चुईम, पाली या गावठाणांत राहणारे ईस्ट इंडियन हे इथले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती रहिवासी. पोर्तुगीज काळापासून 'पेद्रो' हे नाव इथल्या ख्रिस्ती लोकांत आलं. मूळ ग्रीक 'पेत्रोस', अर्थ दगड, येशूच्या शिष्याचं नाव. मुंबईच्या बोलीत त्याचं 'पेद्रू' झालं आणि ख्रिश्चन माणसाला हिणवायला वापरलं जाऊ लागलं. शब्द, संत, माणूस, समाज. पांडूच्याच पायऱ्या. हा शब्द कुठल्या सिनेमाच्या शीर्षकातून आलेला नाही. म्हणजे अमुकच खडा हवा असं नाही. द्रावण तयार असेल तर दुसऱ्या कशानेही स्फटिक धरतात.

यात एवढं काय?

'थट्टेचा शब्द, एवढं काय मनावर घ्यायचं' असं तुम्हाला वाटत असेल तर दिल्लीकडे बघा. तिथे शिपायाला 'ठुल्ला' म्हणतात. २०१५ मध्ये तिथल्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी मुलाखतीत हा शब्द वापरला, आणि एका पोलीस शिपायाने बदनामीची तक्रार केली. २०१६ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं तेव्हा न्यायालयाने विचारलं, या शब्दाचा अर्थ काय? शब्दकोशात तर तो सापडत नाही. बोलीतल्या शब्दाचा अर्थ न्यायालयात विचारला जातो तेव्हा आपलं काम पुस्तकी राहत नाही.

दुसरी गोष्ट मुंबईचीच. सातारा जिल्ह्यातल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे. आधी सैन्यात, मग मुंबई पोलिसांत, हुद्दा सहाय्यक पोलीस उपनिरीक्षक. वारकरी वळणाचं नाव, गावाकडून आलेला माणूस, हातात लाठी. शहर ज्याला 'पांडू' म्हणतं, त्याचं हे तंतोतंत वर्णन. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि तो जिवंत पकडला गेला. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं.

२०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीचं वर्णन प्रसिद्ध झालं. संशोधकांनी नाव ठेवलं 'आयसियस तुकारामी'. शेवटचा 'ई' हा लॅटिन प्रत्यय, अर्थ 'तुकारामचा'. इथेही माणसाच्या नावाला शेपूट लागलं आणि ते दुसऱ्याच कशाचं नाव झालं. पण जीवशास्त्रात नवं नाव देताना एक नियम पाळावा लागतो : नाव एका ठरावीक नमुन्याशी बांधलेलं असतं, तो नमुना जपून ठेवतात, आणि नाव कुणावरून दिलं ते शोधनिबंधात लिहितात. शंभर वर्षांनी कुणी विचारलं, हा तुकाराम कोण, तर उत्तर सापडेल.

'पांडू'ला असा नमुना नाही. रस्त्यावरचा शब्द कुणा एका पांडुरंगावरून आलेला नाही, म्हणून तो कुणालाही लावता येतो.

तुमच्यासाठी काम

आपापल्या गावातलं असं एक नाव घ्या आणि चार तक्ते करा : मूळ शब्द, नावाचा प्रसार, कोण कुणाला म्हणतं, आणि पहिली छापील नोंद. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) ऑनलाइन शोधता येतो, दात्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' ग्रंथालयात बघा, आणि 'शब्द नाही' हीसुद्धा नोंद म्हणून लिहा. जुन्या कागदांत शोधताना हद्दीचं भान ठेवा. वांद्रे हे मुंबई शहरात नव्हतं. १९२० मध्ये उपनगर जिल्हा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होतं आणि १९५० मध्ये बृहन्मुंबईत आलं. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातलं वांद्रे 'मुंबई' या नोंदीखाली शोधाल तर हात रिकामे राहतील. १८८२ चं ठाणे गॅझेटियर उघडा.

आणि शब्द गोळा करायला रस्त्यावर उतराल तेव्हा पोलिसांनाही विचारा, तुम्हाला काय म्हटलेलं चालतं, काय खटकतं. विचारण्याआधी छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचून घ्या आणि त्याच नावाने 'साहेब' म्हणून हाक मारा. माहिती जास्त मिळते.